ऐंशी टक्के ओलावा

करी रोड,
१२ जानेवारी २०२५

नील,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तुझा नंबर बंद आहे, इन्स्टिट्यूटच्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत येतो, बाकी कुठेच तू नाहीस. शेवटी लॅबच्या दाराशी आपत्कालीन संपर्काची जुनी यादी चिकटवलेली आहे ना, तिच्यात तुझा ठाकूरद्वारचा पत्ता मिळाला. आग लागली तर कळवायचं म्हणून दिलेला. तर कळवते. लागली आहे.

काल आईने विचारलं, "तुजा ता मॉडेल म्हंजे काय गो?" मी म्हटलं, एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा, मधे एक पातळ पडदा. वीज मिळते आणि पाणी तयार होतं. असा सेल किती करंट खेचल्यावर किती व्होल्टेज देईल हे तो न लावता, नुसत्या गणिताने सांगायचं, ते माझं मॉडेल. नीलने खरोखर मोजलं, त्याची एक रेघ. माझ्या समीकरणांची दुसरी. दोन्ही एकमेकींवर बसायला हव्यात.

"मगे बसनत नाय?"

"नाही बसत."

"मगे तेकाच इचार. माका काय सांगतस?"

म्हणून विचारते. चौदा महिने झाले, यार. करंट थोडा असेपर्यंत सगळं छान जुळतं. मग मधल्या टप्प्यात तुझी रेघ माझ्या रेघेपेक्षा भराभर खाली उतरते. पडदा माझ्या गणितापेक्षा अडीचपट जास्त अडवतो असं धरलं तरच दोघी जुळतात. दहा-वीस टक्क्यांचा फरक असता तर मी गिळला असता. अडीचपट कसा गिळू? आपले गाईड केणी सर म्हणतात, "प्राची, एक्स्पेरिमेंट खोटं बोलत नाही, मॉडेल बोलतं." तूसुद्धा लॅबमध्ये होतास तेव्हा हेच म्हणायचास, समीकरण तपास. तपासलं. पुन्हा सगळं शून्यापासून मांडलं. आता मला ती समीकरणं दात घासतानाही दिसतात.

तुझ्या ४१ ते ७७ नंबरच्या फायली मी वापरते आहे, पेपरमध्ये छापल्यात त्याच. त्या दिवसांची हाताने लिहिलेली वही लॅबमध्ये नाही. कुठे आहे? २५ फेब्रुवारीला माझा प्रगती सेमिनार आहे, बाहेरून परीक्षक येणार. प्लीज लवकर लिही.

प्राची घाडीगावकर
(आडनाव लिहिते, विसरला असशील तर.)


ठाकूरद्वार, गिरगाव,
२० जानेवारी २०२५

प्रिय प्राची,

पत्र मिळालं. तुझ्या अडचणीबद्दल वाईट वाटलं.

मी जूनमध्ये अचानक लॅब सोडली ती बाबांच्या तब्येतीमुळे. त्यांच्याजवळ कोणीतरी असणं गरजेचं होतं. आता दादरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. ते काम बरं आहे. प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी असतं.

रीडिंग्ज व्यवस्थित आहेत. वही लॅबमध्येच असेल, धोंडूला विचार. मला वाटतं तू पडदा आणि त्याला दाबून धरणारी प्लेट यांच्या मधल्या सांध्याकडे बघ. बोल्ट सारखे आवळलेले नसतील तर तिथेही बराच रोध तयार होतो, आणि तो तुझ्या मॉडेलमध्ये नाही.

एक विनंती. परत लिहिलंस तर पाकिटावर लॅबचा शिक्का नको. साधं पाकीट पाठव. आणि घरी फोन करायचा प्रयत्न करू नकोस, बाबांना त्रास होतो.

सेमिनारला शुभेच्छा.

नील आठल्ये


करी रोड,
१२ फेब्रुवारी २०२५

नील,

तुझ्या एका ओळीवर माझे तीन आठवडे गेले. धोंडूने आणि मी सेल उघडला. आठ बोल्ट. प्रत्येक बोल्ट मोजून आवळला, सेल लावला, सांध्याचा रोध मोजला, पुन्हा उघडला. असं अकरा वेळा. धोंडू लॅब असिस्टंट म्हणून बावीस वर्षं इथे आहे, तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या वेळा तर मी माझी स्कूटर नाय उघडली." सांधा ठणठणीत आहे. त्याने जेमतेम चार टक्के फरक पडतो. वही धोंडूकडेही नाही.

बाबा कसे आहेत? मागच्या वेळी विचारायचं राहिलं. काय झालंय त्यांना?

आणि एक गंमत सांगते, म्हणजे मला ती गंमत वाटते आहे. काल तुझ्या फायली मी पहिल्यांदाच नुसत्या वाचल्या, मॉडेलमध्ये न घालता. सेलचं तापमान ६४.८, ६५.३, ६५.१. हवेचा दाब हलतो. प्रवाह हलतो. पण आत येणाऱ्या हवेतल्या ओलाव्याच्या कॉलममध्ये सदतीसच्या सदतीस फायलींत एकच आकडा. ८०.०. खालपर्यंत ८०.०. मुंबईत कुठलीच गोष्ट इतकी शिस्तीत राहत नाही. सॉफ्टवेअर आकडा पूर्णांकात करत होतं का? तसं असेल तर मला मूळ आकडे हवेत. पडदा किती ओला आहे यावर माझं सगळं गणित उभं आहे. पडदा सुकला की तो अडवायला लागतो, हे तुला मी काय सांगू?

तोवर सरांच्या सांगण्यावरून मी अडीचचा गुणक टाकला आहे. रेघ आता शुद्धलेखनाच्या वहीतल्यासारखी बसते. सर खूश आहेत. मला मात्र कोणाच्या तरी घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटतंय.

लवकर कळव. तेरा दिवस राहिले.

प्राची


करी रोड,
६ मार्च २०२५

नील,

तू उत्तर दिलं नाहीस. सेमिनार झाला.

परीक्षक म्हणून डॉ. मृणालिनी बर्वे आल्या होत्या. शांतपणे सगळं ऐकलं. मग त्यांनी पेन्सिल स्लाइडवरच्या एका आकड्याकडे रोखली. "हा अडीच कुठून आला?"

मी म्हटलं, "फिटिंग पॅरामीटर आहे, मॅडम. रेघ जुळवण्यासाठी."

"ते कळलं. पण त्याचा अर्थ काय? पडदा जाड झाला? फाटला? दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा निघाला?"

केणी सर मधे पडले, म्हणाले, "प्रॅक्टिकल करेक्शन आहे." त्या म्हणाल्या, "म्हणजे मॉडेल काही सांगत नाहीये. मॉडेलला सांगितलं गेलंय." पनवेलची ती कंपनी आहे ना, मोबाईल टॉवरखाली डिझेल जनरेटरच्या जागी आपला सेल लावणारी, त्यांचा माणूस मागच्या रांगेत बसला होता. त्याने खाली मान घालून फोन बघायला सुरुवात केली. मला तीन महिने मिळालेत. तेवढ्यात अडीचचं कारण द्यायचं, नाहीतर विषय बदलायचा. पाचव्या वर्षी विषय बदलायचा!

म्हणून काल मी तुझ्याकडे आले. होय, घरी. बुधवारी, सकाळी अकराला. आजारी माणसाच्या घरी जायचं म्हणून दोन डाळिंबं घेतली होती.

दार तुझ्या बाबांनी उघडलं. नुकतेच चौपाटीवर चार फेऱ्या मारून आले होते. मला बसवलं, स्वतः कॉफी केली, जायफळ घालून. तुझी आई बँकेत गेली होती. मी म्हटलं, "काका, तब्येत कशी आहे?" ते म्हणाले, "मला काय होतंय? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, विमा ऑफिसात होतो तेव्हा जास्त आजारी पडायचो." मग म्हणाले, "नीलला भेटायला आलीस, पण तो तर लॅबमध्ये असेल ना आता? साडेसातलाच डबा घेऊन जातो. तुमचं एकाच ठिकाणी काम ना? अजून किती दिवस लागतील गं त्याच्या पीएच.डी.ला?"

मी काय बोलले ते ऐक. मी म्हटलं, "होईल काका, थोडंच राहिलंय. मी आज सुट्टीवर आहे, म्हणून चुकामूक झाली."

नील, मी त्यांची कॉफी पिता पिता त्यांच्या तोंडावर खोटं बोलले. का बोलले ते मला माहीत नाही. तू मला सांग. आणि ८०.० चं काय ते सांग.

प्राची


गिरगाव,
१३ मार्च २०२५

प्राची,

बाबांनी मला त्याच दिवशी सांगितलं, "तुझी लॅबमधली मैत्रीण आली होती, चांगली आहे." मी डोकं खाली घालून जेवलो.

आता सरळ लिहितो. तुला आपली ती पाण्याची बाटली माहीत आहे, जिच्यातून हवा बुडबुडे होऊन जाते आणि ओली होऊन सेलमध्ये शिरते. पाणी साठ अंशांवर ठेवलं की हवेत ऐंशी टक्के ओलावा येतो. २०२३ च्या मे महिन्यात, एकेचाळीसाव्या रीडिंगच्या दिवशी, त्या बाटलीतला तापमानाचा सेन्सर गेला. आकडा नाचायला लागला. वीस, एकशेदहा, नव्वद. नवा मागवला तर सहा आठवडे लागणार होते. केणी सरांना शुक्रवारपर्यंत डेटा हवा होता, पेपरची तारीख होती. मी सेन्सर काढून टाकला, हीटरचा डायल अंदाजाने लावला आणि कॉलममध्ये स्वतःच्या हाताने ८०.० टाइप केलं.

सरांनी मला तसं करायला सांगितलं असं तुला वाटत असेल. नाही. त्यांनी फक्त शुक्रवार म्हटलं होतं. बाकी सगळं मी केलं. नवा सेन्सर आला की सगळी रीडिंग्ज पुन्हा घेईन असं ठरवलं होतं. सेन्सर आला तोवर पेपर स्वीकारला गेला होता. मी तो बसवला आणि गप्प राहिलो. तू काम सुरू केलंस तेव्हा बाटली ठीक होती, म्हणून तुला कधी कळलं नाही.

सगळ्यात वाईट भाग हा नाही. तू समोरच्या टेबलाशी बसायचीस. दर आठ-पंधरा दिवसांनी खुर्ची माझ्याकडे फिरवून विचारायचीस, "नील, माझं काय चुकतंय रे?" आणि मी म्हणायचो, समीकरण तपास. सात महिने म्हणालो. एके दिवशी तू विचारलं नाहीस, नुसतीच पाठमोरी बसून स्वतःशी बडबडत होतीस, "माझ्यात डोकंच नाही." दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. घरी सांगता आलं नाही. बाबा पूर्ण मजल्याला सांगून बसले होते, मुलगा डॉक्टर होणार, औषधाचा नाही, हायड्रोजनचा.

वही माझ्याकडे आहे. तिच्यात तुझ्या उपयोगाची एक ओळ आहे. १७ मे ला मी बाटलीत साधा काचेचा थर्मामीटर बुडवून बघितला होता. अठ्ठेचाळीस अंश. म्हणजे मला तेव्हाच माहीत होतं.

तू अठ्ठेचाळीस घालून बघ. बहुतेक जुळेल. मग अडीचला कारण मिळेल, थोडी शब्दरचना करून भागवता येईल. सरांना आणि बाकी कोणाला सांगावं लागणार नाही. एवढंच मागतो. बाबा हे सहन करू शकणार नाहीत.

नील


करी रोड,
१७ मार्च २०२५

नील,

घातलं. अठ्ठेचाळीस अंशांचं पाणी, पासष्ट अंशांचा सेल, ओलावा पंचेचाळीस टक्के. अडीच काढून टाकला. एंटर दाबलं. रेघ बसली. कुठेही अकरा मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक नाही. माझं समीकरण पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. सोळा महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते. माझा धाकटा भाऊ हितेंद्र मी पीएच.डी. सुरू केल्यावर नोकरीला लागला, त्याला बढती मिळाली, आणि मी घरात बसून एका रेघेला दुसऱ्या रेघेवर ढकलत होते. माझे बाबा काही बोलत नाहीत, फक्त नातेवाईक आले की विषय बदलतात. आणि तू सात महिने तीन फुटांवर बसला होतास. एक वाक्य. तुला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

तुझा सेन्सर गेला याचा मला राग नाही. सेन्सर जातात. तू ८०.० टाइप केलंस याचाही एक वेळ राग नाही, शुक्रवार मलाही माहीत आहेत. पण माझं चुकलेलं नाही हे माहीत असताना तू मला तपासायला लावलंस. जानेवारीत पुन्हा लावलंस. अकरा वेळा सेल उघडला मी! धोंडूच्या बोटाला कापलं!

आणि आता म्हणतोस, शब्दरचना कर. छापलेल्या पेपरमध्ये ८० आहे, मी ४५ लिहू? कशाच्या जोरावर? एका दुपारी बुडवलेल्या काचेच्या थर्मामीटरच्या? पनवेलवाले ऐंशी टक्के धरून यंत्र बांधतायत. अडीचपट अडवणारा पडदा समजून ते सेल मोठा करतील, पाणी जास्त सोडतील, आणि एखाद्या गावाचा टॉवर बंद पडेल. मग ते म्हणतील हायड्रोजनच बेकार.

३१ मार्चपर्यंत तू केणी सरांना सांग. नाही सांगितलंस तर १ एप्रिलला मी सांगेन. तुझ्या बाबांशी मी पुन्हा खोटं बोलणार नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते. ते परत भेटले आणि विचारलं, तर सांगेन.

प्राची


गिरगाव,
२ एप्रिल २०२५

प्राची,

सांगितलं. दोघांनाही. आधी बाबांना, कारण सरांना सांगून मग घरी येण्याची हिंमत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी आई शेजारी गेली होती. मी म्हटलं, बाबा, मी लॅबमध्ये जात नाही. नऊ महिने झाले. त्यांना वाटलं मला काढून टाकलं. मग मी का सोडली ते सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील, किंवा छातीला हात लावतील. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "त्या मुलीचे किती महिने गेले?"

"सोळा."

"ती इथे आली तेव्हा तिला माहीत होतं?"

"नाही. पण मी लॅबमध्ये नसतो हे माहीत होतं."

"म्हणजे माझ्याकडे बघून तिला ते बोलावं लागलं." उठताना म्हणाले, "पैसे खाल्ले असतेस तर फेडता तरी आले असते." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आई अजून डबा भरते. मी तो खातो.

सोमवारी सरांकडे गेलो. वही टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"प्राचीला. आणि माझ्या वडिलांना."

"वडिलांना कशाला?"

मग ते चिडले. "मी डेटा मागितला होता. खोटा डेटा मागितला होता का? बोल!" मी नाही म्हटलं. त्यांनी वही चाळली, १७ मे चं पान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. आवाज उतरला. म्हणाले, "दोन वर्षांत मी ही वही एकदाही मागितली नाही." ते मला उद्देशून होतं की नाही कळलं नाही. पुढच्याच वाक्यात पुन्हा सर झाले. पेपर मागे घेण्याचं पत्र आजच जाईल, त्यात चूक फक्त माझी असं लिहिलेलं असेल, सही कर. केली. खरंच आहे ते, जवळजवळ.

मी म्हटलं, सर, ती सदतीस रीडिंग्ज मी पुन्हा घेऊन देतो, फुकट, रात्रंदिवस. ते म्हणाले, "तू या लॅबमध्ये पाऊल ठेवायचं नाही. प्राची घेईल."

म्हणजे माझ्या चुकीचं काम पुन्हा तुझ्यावर. मला हे थांबवता आलं नाही. तू आजवर सेल चालवलेला नाहीस, तुझं सगळं कागदावर. म्हणून सोबत सात पानं पाठवतो आहे. सेल गरम कसा करायचा, गॅस कुठल्या क्रमाने सोडायचे, करंट एक पायरी वाढवल्यावर किती वेळ थांबायचं, बाटलीतलं पाणी किती वाजता तपासायचं. माझ्या हातून जिथे जिथे चुकू शकतं तेही लिहिलंय. यातल्या कशात मी कधी आळस केला असेल तर तसं समासात लिहिलं आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी म्हणावं लागेल.

नील


करी रोड,
२६ जून २०२५

नील,

तुझी सात पानं आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून सेल चालवायच्या रिगवर टांगली आहेत, डिस्टिल्ड वॉटर सांडून दोनदा भिजली म्हणून. समासातल्या नोंदी धोंडूने मोठ्याने वाचल्या. "'इथे मी कंटाळा करायचो.' बरा आहे साहेब, निदान लिहितो तरी."

सरांनी सहा महिन्यांची मुदत मिळवून दिली. माझ्याशी नीट वागतात, इतकं नीट की अवघडल्यासारखं होतं. पेपर मागे घेतल्याचं परवा छापून आलं. त्यात माझं नाव नव्हतंच, तरी कॉरिडॉरमध्ये लोक माझ्याकडे बघतात.

कामाचं सांगते. ओलावा आता दर दहा सेकंदांनी मोजतेय. ७९.४, ८०.६, ८०.१. हलतो. तो हलताना बघून मला किती बरं वाटलं तुला कळणार नाही. किंवा तुलाच कळेल.

पंचेचाळीस टक्क्यांवर माझं मॉडेल चोख बसतं. मग खरोखर ऐंशी टक्के ठेवले, आणि वाट लागली. मधला टप्पा जुळतो, पण पुढे करंट वाढवला की सेलचं व्होल्टेज माझ्या रेघेच्या खाली कोसळतं. साठ-सत्तर मिलिव्होल्ट. म्हणजे माझं मॉडेल ओल्या हवेसाठी चूकच आहे. हवा सुकी होती म्हणून माझी चूक इतके दिवस दिसलीच नाही. तुझं खोटं माझी चूक झाकत होतं. मार्चमध्ये मी बाथरूममध्ये उभी राहून म्हटलं होतं की माझं समीकरण पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तुझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही हे बरं.

इतका राग आलाय की कोणावर काढावा कळत नाही. आईला सांगितलं, तर म्हणते, "आता परत बसना नाय? मगे परत इचार तेका."

विचारते. करंट मोठा असताना व्होल्टेज नुसतं पडत नाही. पडतं, दीड-दोन मिनिटांनी एकदम उसळून वर येतं, पुन्हा हळूहळू पडतं. चौदाव्या फाइलचा आलेख सोबत आहे. हे काय आहे? तुला असं कधी दिसलं होतं का?

प्राची


गिरगाव,
३ जुलै २०२५

प्राची,

मला माहीत नाही.

आलेख तीन दिवस समोर ठेवला. पहिल्या दिवशी एक शहाण्यासारखं वाटेल असं उत्तर लिहिलं आणि फाडून टाकलं. मी इतक्या मोठ्या करंटपर्यंत कधी मोजलंच नाही. पेपरला त्याची गरज नव्हती.

अंदाज सांगू शकतो, तो अंदाज म्हणूनच घे. सेलमध्ये स्वतःचंही पाणी तयार होतं. हवा आधीच ओली असेल तर ते जायला जागा नाही. प्लेटमधल्या बारीक पन्हळीत थेंब साचून हवेची वाट अडवत असेल, आणि मोठा झाला की हवेच्या दाबाने सुटत असेल. पण हे दिसल्याशिवाय खरं मानू नकोस. मागची प्लेट पारदर्शक करून घेता आली तर बघ. कदाचित दुसरंच काही निघेल.

बाबांनी काल मला विचारलं, "तिचं कुठवर आलं?" तीन महिन्यांनी बोललेलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, नवीन अडचण आली आहे. ते म्हणाले, "तुझी की खरी?" मी म्हटलं, खरी.

नील


करी रोड,
७ ऑगस्ट २०२५

नील,

परळच्या एका वर्कशॉपमधून जाड अ‍ॅक्रिलिकची प्लेट कापून घेतली. पहिली तडकली. दुसरीतून गॅस गळला, अलार्म वाजला, आख्खा मजला खाली उतरला आणि सरांनी मला वीस मिनिटं झापलं. तिसरी बसली. मग धोंडू टॉर्च धरून आणि मी नाक प्लेटला लावून, असे दोन दिवस बसलो.

थेंब आहे, नील. तिसऱ्या पन्हळीच्या वळणावर धरतो. आधी टाचणीच्या डोक्याएवढा, मग फुगत फुगत पूर्ण पन्हळ अडवतो. व्होल्टेज उतरत जातं. आणि मग सुटतो, सरकन जातो, आणि आकडा उसळतो. धोंडू ओरडला, "गेला, गेला!" मी पण ओरडले. सर धावत आले, त्यांना वाटलं पुन्हा गॅस गळला. मग तेही वाकून बघत बसले. तीन वेळा सुटताना बघितला, तेव्हा उठले.

म्हणजे आता मला त्या थेंबाला समीकरणात घालायचंय. तो कधी सुटेल हे गणिताला कसं सांगायचं याचा मला पत्ता नाही. डॉ. बर्व्यांना दाखवलं, त्या म्हणाल्या, "हा आकडा कुठून येतो ते निदान आता दिसतंय." मग म्हणाल्या, अजून एक वर्ष. एक वर्ष! घरी अजून सांगितलं नाही. आज सांगेन, जेवण झाल्यावर. ही सवय मला लावून घ्यायची नाही.

नव्या पेपरच्या मसुद्यात तुझं नाव कुठे घालायचं यावरून सरांशी भांडले. त्यांचं म्हणणं, कुठेच नाही. माझं म्हणणं, आभारात, थेंबाचा अंदाज तुझा म्हणून. लेखकांत नाही. तिथे मीही घालणार नाही. अजून ठरलेलं नाही.

माझा राग गेलेला नाही. रोज थोडा जातो आणि एखाद्या दिवशी सगळाच्या सगळा परत येतो. पत्रात तो नीट काढता येत नाही, कारण मी लिहायला बसते तोवर मला सेलबद्दल काहीतरी विचारायचं असतं, आणि तू उत्तरात इतका गरीब होतोस की पुढे भांडायची सोय राहत नाही.

रविवारी दादरचा तुझा क्लास किती वाजता सुटतो? मी येते. तासभर तरी लागेल. मी बोलत असताना मधे बोलायचं नाही.

प्राची